साल, बिया, चोथा: आमची वाटचाल

फळाचा रस निघाला की मागे साल, बिया आणि चोथा उरतो. आमचा छोटा उद्योग अशा उरलेल्यावरच उभा आहे. तेल आणि तेलकट पदार्थ लवकर खवट होऊ नयेत म्हणून त्यांत घालायचे अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनमुळे होणारा बिघाड रोखणारे) अर्क आम्ही तयार करतो.

सुरुवात कांद्याच्या टरफलांपासून केली, कारण ती मुळातच कोरडी असतात आणि साठवायला सोपी. शिवाय आतल्या मांसल थरांपेक्षा या बाहेरच्या रंगीत पापुद्र्यांत क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट कितीतरी जास्त असतं. ऊन, बुरशी, कीड यांच्याशी पहिली गाठ सालीचीच पडते, आणि वनस्पतीची संरक्षक द्रव्यंही बरीचशी तिथेच सापडतात.

मग डाळिंब आलं. फळाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा वाटा सालीचा, आणि तिच्यात प्युनिकॅलाजिन हे अँटिऑक्सिडंट भरपूर. पण ओली साल वाट पाहत नाही. चेचलेल्या पेशींमधली विकरं (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने आपल्याला हव्या असलेल्या पॉलिफेनॉलांनाच (क्वेर्सेटिन, प्युनिकॅलाजिन ज्यात मोडतात त्या वनस्पतिद्रव्यांना) तपकिरी करून टाकतात, पाठोपाठ बुरशी धरते. त्यामुळे अर्काच्या टाकीपेक्षा आम्ही ड्रायरला जास्त जपतो. साल आली त्याच दिवशी मध्यम तापमानावर वाळवायची, ओलावा 10 टक्क्यांखाली आणायचा, मगच दळायची. माल देणाऱ्यांना आम्ही आधीच सांगतो: ढिगावर टाकलेली साल नको, ती कच्चा माल म्हणून सांभाळलेली हवी. भाताच्या कोंड्याला तर तेवढीही सवड नसते. भात सडून कोंडा वेगळा झाला की काही तासांतच लायपेज हे विकर त्यातलं तेल तोडायला लागतं, म्हणून लगेच उष्णता देऊन स्थिर केलेलाच कोंडा आम्ही घेतो. त्यातलं ओरायझॅनॉल हे अँटिऑक्सिडंट त्या मेहनतीचं चीज करतं.

अर्कासाठी पाणी आणि इथेनॉल यांचं मिश्रण वापरतो. बहुतेक पॉलिफेनॉल या दोघांच्या मिश्रणात जितके उतरतात, तितके निव्वळ इथेनॉलमध्ये उतरत नाहीत.

मोजमापाबाबत आम्ही फार काटेकोर आहोत. एकूण पॉलिफेनॉल मोजणारी फोलिन-सिओकाल्तेउ चाचणी 1927 पासूनची, आजही उपयोगी. पण क जीवनसत्त्व आणि काही साखरांनाही ती प्रतिसाद देते, त्यामुळे आकडा फुगू शकतो. डीपीपीएच चाचणीत अर्काने याच नावाच्या मुक्तमूलकाचा (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूचा) जांभळा रंग पिवळा होताना बघायला छान वाटतं, मात्र तो मुक्तमूलक कुठल्याही तेलात नसतो. म्हणून आम्ही अर्क घातलेलं आणि न घातलेलं तेल गरम ठेवून दोन्हींचं पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे खवटपणाची सुरुवात किती झाली ते, मोजतो, आणि गिऱ्हाइकापुढे तेच ठेवतो. टीबीएचक्यू हे कृत्रिम अँटिऑक्सिडंट एखाद्या तेलात कमी मात्रेत जास्त काम करत असेल, तर तसं स्पष्ट सांगतो.

आरोग्याचे दावे आम्ही करत नाही. परीक्षानळीतली ताकद शरीरात तशीच दिसेल असं नसतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने याच कारणाने 2012 मध्ये आपली ‘ओरॅक’ मूल्यांची (पदार्थांच्या परीक्षानळीतल्या अँटिऑक्सिडंट ताकदीची) यादी मागे घेतली. सालीवर कीटकनाशकांचे अंश राहतात आणि अर्कात ते दाटू शकतात, म्हणून प्रत्येक बॅचची तपासणी ठरलेली.

सध्या द्राक्षाच्या चोथ्यावर काम चालू आहे. बियांमधले प्रोअँथोसायनिडिन हे पॉलिफेनॉल पाण्यात रमणारे, तर तेल-पाण्याच्या मिश्रणात खवटपणा सुरू होतो तो थेंबांच्या पृष्ठभागावर. अर्क तिथवर पोचवायचा कसा, यावर प्रयोगशाळेत खटपट सुरू आहे.