१५ सप्टेंबरचं वय

त्या मुलाचा जन्म १० सप्टेंबरऐवजी २० सप्टेंबरला झाला असता, तर त्या सोमवारी माझ्या ऑफिसात काहीच घडलं नसतं.

मी अमेरिकेत, कॅनडाच्या सीमेपासून फार लांब नसलेल्या एका विद्यापीठात, क्रीडा विभागाच्या कंप्लायन्स ऑफिसात काम करते. खेळाडू विद्यार्थ्यांची पात्रता, त्यांची शिष्यवृत्ती, ते कशावर सही करतात, हे सगळं एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या खेळांवर देखरेख ठेवणाऱ्या संघटनेच्या, नियमांत बसतं की नाही ते पाहायचं, हे माझं काम. मी खडकीत वाढले. तिथे हॉकी म्हणजे धनराज पिल्ले. इथे आल्यावर कळलं की इकडच्या लोकांना नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरचीच आठवते, आणि मैदानावरच्या हॉकीचं पूर्ण नाव घ्यावं लागतं.

मार्चमध्ये कॉलेजांचे सामने संपत येतात. एखादा संघ स्पर्धेतून बाहेर पडला की त्याच रात्री एनएचएलच्या, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या मोठ्या व्यावसायिक लीगच्या, क्लबांचे फोन सुरू होतात. ज्या मुलांना ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक फेरीत, कोणी घेतलेलं नाही, ती कुठल्याही क्लबशी करार करू शकतात. आमचा हा बचावपटू त्यातलाच. मूळचा कॅनडाचा. ज्युनियर हॉकी खेळून उशिरा कॉलेजात आलेला, त्यामुळे तिसऱ्या वर्षाला असतानाच २३ वर्षांचा. आमचा संघ शनिवारी हरला. रविवारी रात्री त्याने एका क्लबच्या दोन वर्षांच्या करारावर सही केली, आणि सोमवारी सकाळी क्लबने फोटोसकट बातमी जाहीर करून टाकली. मला त्या बातमीचं आश्चर्य वाटलं नाही. तो जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अकराच्या सुमारास त्याच्या सल्लागाराचा फोन आला. कॉलेजात असेपर्यंत या मुलांना एजंट ठेवता येत नसे, म्हणून त्या माणसाला सगळे ‘फॅमिली ॲडव्हायजर’ म्हणत. रविवारी रात्री क्लबच्या कराराआधी मुलाने त्याच्याबरोबर एजंटचा करारही केला होता. फोनवर तो एजंट म्हणाला, “लीगने करार परत पाठवलाय. मुदत चुकली आहे.”

एनएचएलमध्ये पहिला करार किती वर्षांचा असावा हे क्लबच्या मर्जीवर नसतं. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक करारात ते ठरलेलं आहे. १८ ते २१ वयाच्या खेळाडूला तीन वर्षं, २२-२३ ला दोन वर्षं, २४ ला एक वर्ष. आणि यातलं वय सही करतानाचं नसतं. ज्या वर्षी सही झाली, त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरला जे वय भरेल ते धरायचं. आपल्याकडे शाळेत पहिलीला घालताना अमुक तारखेला पूर्ण होणारं वय मोजतात, तसंच. मुलगा मार्चमध्ये २३ वर्षांचा होता, पण १५ सप्टेंबरला पाच दिवस आधीच २४ चा झालेला असणार होता. क्लबच्या ऑफिसात कोणीतरी आजचं वय पाहून दोन वर्षांचा कागद तयार केला. दोन वर्षांचा करार त्याला देताच येत नव्हता. नियमात न बसणारा करार लीगची सेंट्रल रजिस्ट्री नोंदवत नाही, आणि नोंद नाही म्हणजे करार नाही.

एजंटने मग जे विचारलं, त्यासाठीच खरा फोन होता. “करार रद्द झाला तर मुलगा पुढच्या वर्षी तुमच्याकडे खेळू शकेल ना?”

मला उत्तर पाठ होतं, तरी मी नियमांची पोथी उघडून त्याला वाक्य वाचून दाखवलं. व्यावसायिक खेळाचा कुठल्याही प्रकारचा करार किंवा वचन देणारा खेळाडू हौशी राहत नाही, म्हणजे कॉलेजकडून खेळू शकत नाही. तो करार कायद्याने टिकतो की नाही, त्यातून पैसे मिळाले की नाही, याचा संबंध नाही. म्हणजे क्लबच्या दृष्टीने त्या सहीला किंमत नव्हती, लीगच्या दृष्टीने नव्हती, पण आमच्या दृष्टीने तीच सही पक्की होती. चूक क्लबची, आणि त्या कागदाने बांधला गेला तो एकटा मुलगा. हा नियम मी त्याआधी कितीतरी नवीन विद्यार्थ्यांना स्लाइडवर दाखवला होता. तो मुळात का आहे हेही मला पटतं, कारण तो नसता तर कोणीही आज करार करून उद्या फिरवला असता. पण तो असा कोणावर येऊन कोसळू शकतो हे मी तेव्हा पहिल्यांदा बघत होते.

बारा वाजता मुलगा स्वतः आला. विद्यापीठ सोडण्याचा अर्ज त्याने ऑनलाइन भरून ठेवला होता. फक्त सबमिट करायचा राहिला होता. क्लबकडून त्याला लगेच या, सरावाला लागा असं सांगितलं होतं. मी म्हटलं, “तो अर्ज आधी बंद कर. काहीही पाठवू नकोस.”

तो म्हणाला, “पण आता मी टीममध्ये नाही, मग वर्गात बसून काय करू?”

त्याच्या डोक्यात नसलेली गोष्ट माझ्या डोक्यात पहिली आली, कारण मी स्वतः या देशात एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आले होते. कॅनडाच्या विद्यार्थ्याला सीमेवर व्हिसा लागत नाही, पण त्याचा दर्जा एफ-१ चाच असतो. सत्रात किमान १२ क्रेडिट्स हवेत. न विचारता नाव काढून घेतलं तर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतली नोंद बंद होते. परवानगी घेऊन सोडलं तरी देश सोडायला १५ दिवस मिळतात. आणि व्यावसायिक खेळाडू म्हणून अमेरिकेत पगार घ्यायचा तर पी-१ हा वेगळा दर्जा लागतो, त्यासाठी क्लबने अर्ज करावा लागतो. ज्या क्लबने जन्मतारीख नीट पाहिली नाही, त्या क्लबच्या भरवशावर त्याने विद्यार्थी म्हणून असलेला दर्जा टाकून द्यावा हे मला मान्य नव्हतं. मी इंटरनॅशनल स्टुडंट्सच्या ऑफिसला फोन लावला आणि तो समोर बसलेला असतानाच त्यांना सांगितलं की याच्या नावाने काहीही आलं तर आधी मला कळवा.

मग आम्ही पर्याय लिहून काढले. पहिला, क्लबने एक वर्षाचा नवा करार द्यायचा. दुसरा, विद्यापीठाने त्याला अपात्र जाहीर करायचं आणि मग एनसीएएकडे पात्रता परत द्या असा अर्ज करायचा. असा अर्ज करता येतो, त्याची रीतसर पद्धत आहे. क्लबची चूक कागदोपत्री दाखवता आली असती. पण एजंटबरोबरची सही मधे आडवी येत होती. तीत कसलीच चूक नव्हती. ती त्याने समजून-उमजून केली होती. मी त्याला खोटी आशा दाखवली नाही. अर्ज मी मनापासून लिहीन, पण उत्तर यायला वेळ लागेल आणि ते नकाराचंही असू शकेल, असं स्पष्ट सांगितलं.

त्याच्या आईला स्पीकरवर घेतलं. तिने एकच विचारलं, “त्यांनी माफी मागितली का?” मागितली नव्हती. क्लबचा माणूस एजंटला म्हणाला होता की एक वर्षाचा कागद तयार आहे, संध्याकाळपर्यंत सांगा. प्रत्येक क्लबला एका वेळी जास्तीत जास्त ५० करार ठेवता येतात, त्यामुळे जागा अडवून ठेवता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे. पण घाई ज्यांच्या चुकीमुळे झाली तेच घाई करायला सांगत होते.

एका वर्षाचा फरक बाहेरून लहान दिसतो. तेव्हा नवख्या खेळाडूच्या मोबदल्याची कमाल मर्यादा वर्षाला ९,२५,००० डॉलर होती, आणि सहीचा बोनस त्याच्या १० टक्क्यांपर्यंत देता येत असे. मोठा आकडा एनएचएलमध्ये खेळलं तरच. पहिल्या वर्षी बहुतेक अशी मुलं एएचएल या खालच्या लीगमध्ये जातात, तिथला पगार त्याच्या एका तुकड्याएवढा. म्हणून दुसऱ्या वर्षाची हमी आणि दुसरा बोनस हीच त्याची खरी मिळकत होती. एक वर्ष संपलं की क्लबने क्वालिफाइंग ऑफर, म्हणजे खेळाडूवरचा हक्क राखण्यासाठी ठरलेल्या मुदतीत द्यायचा नव्या कराराचा प्रस्ताव, दिली तर हक्क त्यांच्याकडे, नाही दिली तर मुलगा मोकळा, म्हणजे बहुधा बेकार.

क्वालिफाइंग ऑफरवरून आमच्या हॉकीच्या प्रशिक्षकांनी २००९ ची शिकागो ब्लॅकहॉक्सची गोष्ट काढली. त्या उन्हाळ्यात क्लबच्या ऑफर्स काही खेळाडूंना मुदतीत पोचल्या नाहीत. खेळाडूंच्या संघटनेने हरकत घेतली. क्रिस व्हर्स्टीग आणि कॅम बार्कर या दोघांना हातचं घालवू नये म्हणून क्लबने घाईने नवे करार केले, आणि १४ जुलैला जनरल मॅनेजर डेल टॅलन यांच्या जागी स्टॅन बोमन आले. प्रशिक्षक हे धीर द्यायला सांगत होते. मला मात्र त्यातून फरकच जास्त दिसला. तिथे कागद चुकला तेव्हा खेळाडूंना फायदा झाला आणि वरच्या माणसाची खुर्ची गेली, कारण ते लीगचे खेळाडू होते आणि त्यांच्यामागे संघटना होती. आमचा मुलगा त्या दुपारी लीगचा नव्हता आणि कॉलेजचाही नव्हता.

मी एजंटला दोन गोष्टी मागायला सांगितल्या. नवा करार पुढच्या मोसमापासून सुरू व्हावा, म्हणजे चालू मोसमाच्या उरलेल्या थोड्या सामन्यांत त्याचं एकमेव वर्ष जळून जाणार नाही. आणि सत्र संपेपर्यंत त्याला वर्गातून उठवायचं नाही. हे माझं काम नव्हतं, विद्यार्थ्याच्या वतीने करार ठरवणं मला चालतही नाही, म्हणून मी क्लबशी एक शब्द बोलले नाही. एजंट बोलला. क्लबने दोन्ही मान्य केलं. बोनस वाढवून द्यायला मात्र साफ नकार दिला.

मुलाने साडेचारला ठरवलं. एनसीएएकडच्या अर्जाच्या वाटेला जायचं नाही. तो म्हणाला, “सही मीच केली होती. वय त्यांनी मोजायचं होतं, पण माझा वाढदिवस मलाही माहीत होता.” मी त्याला म्हटलं, तुझा वाढदिवस तुला माहीत असणं आणि सामूहिक करारातलं वयाचं कलम माहीत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी माहीत असण्याचे पैसे क्लबमधल्या लोकांना मिळतात. तो यावर काही बोलला नाही. त्याने नव्या कागदावर सही केली. या वेळी जन्मतारीख, वर्ष, मुदत मी एजंटकडून मोठ्याने वाचून घेतली.

क्लबने बातमीत ‘दोन वर्षांचा’ ऐवजी ‘एक वर्षाचा’ असं करून टाकलं. कारण लिहिलं नाही. त्याच्या गावच्या लोकांना वाटलं की पोराची किंमत एका दिवसात कमी झाली. त्याच्या आईला ते फार लागलं, आणि मला त्या सगळ्या प्रकरणात याचाच राग जास्त आला. एका ओळीचा खुलासा केला असता तर क्लबचं काहीच गेलं नसतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने कॅनडाच्या मेजर ज्युनियर, म्हणजे ज्युनियर हॉकीतल्या सर्वांत वरच्या, लीगमधल्या मुलांना १ ऑगस्ट २०२५ पासून दारं उघडली. आधी त्या लीगमध्ये खेळलेला मुलगा व्यावसायिकच धरला जाई. आता हौशी कोण याच्या रेघा सरकताहेत. पण कराराच्या मुदतीसाठी १५ सप्टेंबरचंच वय मोजतात. म्हणून दर फेब्रुवारीत मी आमच्या हॉकीच्या संघातल्या प्रत्येक मुलाला एक पान देते. त्यावर त्याची जन्मतारीख, येत्या १५ सप्टेंबरचं वय, आणि त्या वयाला किती वर्षांचा पहिला करार होऊ शकतो ते लिहिलेलं असतं. खाली लिहिते की सही करण्याआधी मला रात्री कितीही वाजता फोन करा.

त्या मुलाने मे महिन्यात सगळ्या विषयांच्या परीक्षा दिल्या आणि मगच गाडीत सामान भरलं.