ठिपका दिसला म्हणजे आर-लूप मिळाला असं नव्हे

डॉट ब्लॉटवर, म्हणजे मेम्ब्रेनवर नमुन्याचा थेंब टाकून अँटिबॉडीने तपासताना, काळा ठिपका उमटला की आर-लूप सापडल्याचा आनंद होतो. जरा थांबा.

जनुकाचं ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनणं) चालू असताना नवा आरएनए कधीकधी मागे वळून डीएनएच्या साच्याला चिकटतो आणि समोरचा धागा उघडा पडतो, हा आर-लूप. आरएनए बनवणाऱ्या पॉलिमरेजच्या पोटातला ८-९ बेसजोड्यांचा हायब्रिड (आरएनए-डीएनएची जोडी) वेगळा, तो रोजचाच. आर-लूप शेकडो बेसजोड्यांचे असू शकतात. ते निव्वळ उपद्रवी नाहीत. अँटिबॉडीचा वर्ग बदलताना बी-पेशींना ते लागतात. आपल्या गोव्यातल्या खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, मानशीसारखं (पाण्याच्या दारासारखं) आहे हे: ओहोटीला उघडावी, भरतीला मिटावी, भरतीला उघडी राहिली की शेत खारं. आर-लूप रेंगाळला आणि समोरून रेप्लिकेशन फोर्क (डीएनएची प्रत बनवत पुढे सरकणारा दुभागा) येऊन आदळला, तर डीएनए तुटू शकतो. मिटवायला आरएनेज एच१, एच२ आणि सेनाटॅक्सिन ही एन्झाइम्स असतात.

आता ठिपका. एस ९.६ ही अँटिबॉडी हायब्रिडला घट्ट धरते, पण दुपदरी आरएनएलाही सोडत नाही. म्हणून नमुन्याचे दोन भाग करा. एकात आरएनेज एच, दुसऱ्यात फक्त बफर, आणि दोन्ही ३७ अंशांवर तितकाच वेळ. बफरवाला फ्रीजमध्ये ठेवून तुलना करणं ही फसवणूकच, दुसरा शब्द नाही. हायब्रिडमधला आरएनए कापणारं आरएनेज एच घातल्यावरही ठिपका गेला नाही, तर तो हायब्रिडचा नव्हता.

सर्वाधिक घोळ घालतं ते सुटा आरएनए काढायला वापरलेलं आरएनेज ए. ३०० मिलिमोलर किंवा जास्त मीठ असेल तर ते फक्त एकपदरी आरएनए कापतं. मीठ कमी पडलं की हायब्रिडमधला आरएनएही खातं. मग ठिपका नाहीसा होतो आणि दोष अँटिबॉडीला लागतो.

डीएनए काढताना व्हॉर्टेक्स (जोरात ढवळणारं यंत्र) नको. पिपेटच्या टिपचं टोक कात्रीने कापून हळू ओढा, नाहीतर लांब धागे तुटतात. ठिपका १-२ मायक्रोलीटरचाच ठेवा. आषाढात ताळगावच्या दमट हवेत नायलॉन मेम्ब्रेन सुकता सुकत नाही आणि मोठा थेंब शेजारच्या थेंबात मिसळतो. एस ९.६ लावण्याआधी त्याच मेम्ब्रेनला मेथिलीन ब्लू हा रंग लावून डीएनए सगळीकडे सारखाच पडलाय ना, तेही बघा. अँटिबॉडी रात्रभर ४ अंशांवर ठेवायची असेल तर बर्फाचा डबा हाताशी असू द्या, वीज कधी जाईल सांगता येत नाही.