बेत त्सफातचा

आजचा अख्खा दिवस इस्राएलमधल्या त्सफात या गावच्या सहलीच्या आखणीत गेला. लोदला राहणाऱ्या मैत्रिणीच्या आईला फोन लावला. मावशी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या, मराठी अजून खणखणीत. माझा बेत ऐकताच म्हणाल्या, "शुक्रवारी निघतेस? वेडी का गं तू! दुपारी बसगाड्या बंद होतील, त्या थेट शनिवारी अंधार पडल्यावर सुरू." शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस! मग बुधवार ठरला. हैफाहून ट्रेनने कर्मिएल, पुढे बसने डोंगर चढायचा.

जेरुसलेम, हेब्रोन, तिबेरिया आणि त्सफात ही ज्यूंची चार पवित्र शहरं. यातलं त्सफात गालीलच्या डोंगरात, सुमारे ९०० मीटरवर. १४९२ला स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंपैकी बरेच जण पुढे इथे येऊन स्थिरावले. धर्मशास्त्राचे मोठे पंडित योसेफ कारोही इथेच येऊन राहिले. आणि काबाला या ज्यू गूढविद्येचे गुरू इसाक लुरिया, म्हणजे 'आरी', १५७०मध्ये आले न् १५७२मध्ये वारलेही. स्वतः जवळपास काही लिहिलं नाही, शिष्य हाइम वितालने लिहून ठेवलं. दोन वर्षांत एवढी छाप! १८३७च्या भूकंपात गाव कोसळलं, त्यामुळे जुनी दिसणारी बरीच सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनामंदिरं) नंतर पुन्हा उभारलेली आहेत.

आरींच्या नावाचं झऱ्याचं स्नानकुंडही आहे, पाणी बर्फगार. तिथे फक्त पुरुषांनाच प्रवेश. नवरा डिसेंबरात उतरणार म्हणतोय. उतरू दे! मी तोवर निळ्या दारांच्या गल्ल्या पाहीन.

मावशींनी आमसुलं मागवलीत. अर्धा किलो पुरतील ना?