ओहोटीला पुळण, भरतीला बंदर

समुद्रकिनारी सुट्टीला जायचे ठरले की आपण आधी ठिकाणांची यादी करतो. माझ्या मते त्या यादीच्याही आधी हाती असावे ते भरती-ओहोटीचे वेळापत्रक. जगातील बहुतेक किनाऱ्यांवर पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि चंद्र रोज आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकत असल्यामुळे या वेळा दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जातात. त्यामुळे काल सकाळी जिथे मैलभर ओली वाळू होती, तिथे चार-पाच दिवसांनी त्याच वेळी कमरेएवढे पाणी असू शकते. कॅनडातील फंडीच्या उपसागरात भरती आणि ओहोटी यांतील फरक सुमारे १६ मीटरपर्यंत जातो, तर भूमध्य समुद्राच्या बऱ्याचशा किनाऱ्यावर तो एक मीटरही भरत नाही. आपण निवडलेला किनारा यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो, हे कळले की पुढचे बेत आपोआप ठरत जातात.

मला स्वतःला ओहोटीची वेळ अधिक प्रिय आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा पाणी जसे नेहमीपेक्षा वर चढते तसे ते नेहमीपेक्षा खालीही उतरते, आणि एरवी झाकलेले खडक व त्यांतील डबकी उघडी पडतात. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असतो तेव्हा, हे दिसत नाही. भरती जिथवर पोहोचून परतली, तिथे शेवाळ, काटक्या आणि शिंपल्यांची एक वेडीवाकडी रेघ उरते. या रेघेवरून अगदी सावकाश चालावे. एखाद्या शिंपल्यावर टाचणीच्या डोक्याहून थोडे मोठे, कडा तिरपी घासलेले गोल भोक दिसते. ते मांसाहारी समुद्री गोगलगायीने आतला जीव खाण्यासाठी पाडलेले असते. पांढरे, हलके, बोटाने खरवडता येणारे समुद्रफेनही इथेच सापडते आणि ते फेसापासून झालेले नसून माकुळाच्या एका भाईबंदाच्या शरीरातील कवच असते. उष्ण प्रदेशांतील ओल्या वाळूवर इवल्याशा गोळ्यांची नक्षी पसरलेली असते. एक छोटा खेकडा वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातील सूक्ष्म अन्न काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. बिळापासून बाहेर असे करत गेल्यामुळे गोळ्यांच्या रांगा चहूबाजूंनी फुटलेल्या दिसतात. माणसाची सावली पडताच तो बिळात शिरतो, म्हणून थोडे दूर बसून वाट पाहावी लागते.

पोहणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला एक पट्टा शांत आणि किंचित गडद दिसत असेल, तर तो सुरक्षित समजू नये. किनाऱ्यावर आलेले पाणी बहुधा तिथूनच वेगाने आत परतत असते. अशा ओढीत सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहून आधी त्या पट्ट्याबाहेर पडावे. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी तर पाण्यात उतरूच नये.

गावाचे वेळापत्रक मात्र भरतीशी बांधलेले असते, आणि प्रवाशांच्या हातून नेमके हेच निसटते असे मला वाटते. राहण्याची ठिकाणे खुल्या पुळणीकडे तोंड करून असतात. जुनी वस्ती बहुधा लाटांचा मारा टाळून खाडीच्या आत किंवा एखाद्या डोंगरी टोकाच्या आडोशाला वसलेली असते. त्यामुळे पुळणीवरच चार दिवस काढणाऱ्याला पाठीमागचे गाव दिसतच नाही. खाडीच्या मुखाशी वाळू साचून पाणी उथळ झालेले असेल, तर होड्यांना आत-बाहेर करण्यासाठी पाणी चढण्याची वाट पाहावी लागते. म्हणून भरतीच्या आगेमागे धक्क्यावर जावे. नांगरलेल्या होड्या, पसरलेली जाळी, दोरांच्या गाठी, माशांवर टपलेले पक्षी हे सारे तेव्हा एकत्र दिसते. कामाच्या वाटेत उभे राहू नये आणि छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, एवढे पथ्य पुरे.

गावाला दीपगृह असेल तर ते दिवसा पाहावेच, पण अंधार पडल्यावर त्याची उघडझाप घड्याळ लावून मोजावी. प्रत्येक दीपगृहाचा प्रकाश ठरावीक क्रमाने आणि ठरावीक अंतराने दिसतो, आणि त्यावरूनच खलाशी आपण कोणत्या किनाऱ्यासमोर आहोत हे ओळखतात. फ्रान्समधील कोर्दुआँ दीपगृहावर १८२३ मध्ये फ्रेनेल या शास्त्रज्ञाचे पायऱ्यापायऱ्यांचे भिंग प्रथम बसवले गेले आणि त्यानंतर दीपगृहांचा प्रकाश पूर्वीपेक्षा कितीतरी दूर पोहोचू लागला. वर जाण्याची परवानगी मिळत असेल, तर चढण्यासाठी ओहोटीचीच वेळ धरावी, कारण वाळूचे बांध, खाडीची वळणे आणि होड्या ज्या वाटेने आत येतात तो खोल पाण्याचा चिंचोळा पट्टा तेव्हा वरून स्पष्ट ओळखता येतो.