पिकअपच्या मागच्या पाट्यातला आवाज कसा शोधला – माझा अनुभव

जुन्या पिकअपच्या मागून आवाज येतोय म्हटलं की दहातले नऊ जण सांगतात शॉकअप (धक्के शोषणारे नळकांडे) गेलेत, बदलून टाक. आम्हालाही तेच सांगितलं होतं, पण नुसत्या अंदाजावर खर्च करायची माझी तयारी नव्हती, कारण आमची गाडी टोमॅटोच्या सीझनमध्ये रोज नारायणगाव मार्केटला जाते आणि एकदा उभी राहिली की कॅरेट शेतातच पडून राहतात. म्हणून म्हटलं आधी आवाज नेमका कुठला ते बघू, मग पाना हातात घेऊ.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज एक नव्हता, तीन होते. रिकाम्या गाडीत सारखी खडखड, स्पीडब्रेकरवर करकर, आणि क्लच सोडताना किंवा ब्रेक दाबल्यावर एकच "ठक". हे तीन वेगळे केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण एक आवाज दुसऱ्याला झाकतो.

खडखड सोपी निघाली. फाळक्याच्या (मागच्या झडपेच्या) कड्या आणि साखळ्या सुतळीने आवळून बांधल्या, स्टेपनी काढून घरी ठेवली, जॅक-टॉमी (टॉमी म्हणजे लोखंडी दांडा) केबिनमधून बाहेर काढली आणि गावातून एक चक्कर मारली, खडखड गेली. स्टेपनीचा क्लॅम्प ढिला होता, बास.

करकरीसाठी पाण्याची टेस्ट केली. मोटरच्या पाइपने दोन्ही बाजूच्या पाट्यांवर, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या एकावर एक बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांवर, भरपूर पाणी मारलं आणि लगेच स्पीडब्रेकरवरून गाडी नेली, आवाज गायब. ऊन लागून पाटे वाळले की परत सुरू. म्हणजे बहुतेक पाट्यावर पाटा कोरडा घासतोय, शॉकअपचा संबंध नाही. चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जॅक लावून अ‍ॅक्सल (मागच्या दोन चाकांमधला आडवा दांडा) लोंबकळू दिला की पाट्यांची टोकं थोडी सुटतात, तिथे वायर ब्रशने गंज काढून ग्राफाइट ग्रीस भरलं. ज्या पाट्यांच्या टोकाला रबरी किंवा प्लास्टिकचे पॅड असतात तिथे मात्र ऑइल-ग्रीस सोडू नका, पॅड खराब होतात. आणि गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, खाली घोडे (लोखंडी स्टँड) लावायचे, पुढच्या चाकांना दगड, यात हयगय करू नका.

आता खरा त्रास त्या "ठक"चा. गाडी भरली की तो आवाज येतच नव्हता, फक्त रिकामी असताना. घरचे म्हणायचे भरल्यावर येत नाही ना, मग राहू दे. मला तेच जास्त खटकत होतं. वजनाखाली सगळं दाबून बसतं म्हणून आवाज बंद होतो, ढिला भाग ढिलाच असतो आणि ताण तर भरलेल्या गाडीतच जास्त.

शॉकअपचे खालचे बोल्ट काढून, शॉकअप वर बांधून, गाडी गावातल्या गावात अगदी हळू फिरवली. ठक तसाच. म्हणजे शॉकअप सुटले यातून. मग प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) हाताने हलवून बघितला, प्ले (ढिलेपणा) नाही. मग राहिले बुश (पाट्याच्या टोकातले रबर), शॅकल (मागच्या टोकाची हलती जोडपट्टी) आणि यू-बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला आवळून धरणारे). पाटा दाबला की सरळ होतो म्हणजे लांबतो, त्याला जागा मिळावी म्हणून मागे शॅकल असतो आणि पुढचं टोक पिनवर पक्कं असतं. शॅकलमध्ये टॉमी घालून उचकटून बघितलं, बुश थोडे झिजलेले होते पण एवढा ठक येईल असे नाही.

मग खडूने पाट्यांवरून यू-बोल्टच्या प्लेटपर्यंत आडवी रेघ ओढली, दोन्ही बाजूला. भावाला सांगितलं, थोडं पुढे, ब्रेक, थोडं मागे, ब्रेक, असं करत राहा. मी बाजूला लांब उभा राहून बघत होतो. उजवीकडची रेघ जशीच्या तशी, डावीकडची मधेच तुटली. वाकून बघितलं तर डाव्या यू-बोल्टच्या नटाभोवती लालसर बारीक पावडर, म्हणजे लोखंडावर लोखंड घासल्याची खूण, आणि प्लेटच्या कडेला धातू चकचकीत झालेला. टेप लावला. पुढच्या पिनपासून अ‍ॅक्सलपर्यंत डावीकडे १० मिलिमीटर जास्त. अ‍ॅक्सल सरकला होता!

तशीच हळूहळू आळेफाट्याला पाटेवाल्या चाचांकडे नेली. पाटा खोलल्यावर सेंटर बोल्टचं डोकं तुटून अ‍ॅक्सलच्या भोकात अडकलेलं निघालं. चाचा म्हणाले, "बेटा, सेंटर बोल्ट पाटे जागेवर ठेवायला असतो, गाडी पकडतो तो यू-बोल्ट. यू-बोल्ट ढिला झाला की सगळा झटका या एवढ्याशा बोल्टवर." आधी दुसरीकडे पाट्याचं काम झालं होतं, त्यानंतर कोणी यू-बोल्ट परत आवळलेच नव्हते आणि आम्हाला तसं कोणी सांगितलंही नव्हतं. असाच माल भरून घाटात गेलो असतो तर काय झालं असतं याचा विचार केला की अजून पोटात गोळा येतो.

नवीन सेंटर बोल्ट, चारही यू-बोल्ट नवीन (जुने ताणले गेलेले असतात, परत वापरू नयेत), आडवेतिडवे थोडे थोडे करत आवळले. बुश पण बदलले. मी पिन लगेच आवळायला गेलो तर चाचांनी हात धरला, "आधी गाडी खाली घे, चाकावर वजन येऊ दे, मग आवळ." लटकत्या पाट्यात रबरी बुश आवळला तर गाडी खाली आल्यावर तो पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. हे मला माहीत नव्हतं.

चारपाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट परत आवळून घेतले, दोन नट थोडे फिरलेच. आता प्रत्येक नटावरून प्लेटवर पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ मारून ठेवलीय, माल भरायच्या आधी टॉर्च मारली की रेघ सरळ आहे का ते लगेच दिसतं. मार्केटमध्ये शेजारी उभ्या राहणाऱ्या दोन गाड्यांनाही मारून दिलीय.