तिसरा मजला

"तुझं काय गेलं गं त्यात?"

आई एवढंच म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. रागावली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. भांडी घासताना आठवतं, लोकलमध्ये आठवतं. म्हणून आज लिहायला बसले.

वरळीची आमची बीडीडी चाळ, इंग्रजांच्या काळातली सरकारी चाळ, पुनर्विकासात पाडली, त्याबद्दल ती बोलत होती. तसं बघितलं तर काहीच गेलेलं नाही. मिळालंच आहे. 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी 500 चौरस फुटांचं घर, दोन बेडरूम, घरातल्या घरात संडास, लिफ्ट. 2025 च्या ऑगस्टात वरळीच्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या वाटल्या, त्यात दादाचा नंबर लागला तेव्हा फोनवर मीच रडले होते, तेही आनंदानं. 2017 च्या एप्रिलमध्ये जांबोरी मैदानात भूमिपूजन झालं, 2021 मध्ये पुन्हा नारळ फुटला. त्या सगळ्या वर्षांत आई दर दिवाळीला म्हणायची, "मी काही बघत नाही ते घर." बघितलं. देवानं बघू दिलं. भाऊबीजेला गेले तेव्हा नव्या ओट्यावर तिनं स्वतः करंज्या तळल्या.

मी फक्त हॉलच्या खिडकीशी उभी राहून दादाला विचारलं, "आपली खोली नेमकी कुठे होती रे?"

दादानं खाली बोट दाखवलं, क्रेनच्या डाव्या अंगाला. आई आतूनच म्हणाली, "तिथं कुठनं? अलीकडं, त्या पत्र्यापाशी." दोघांचं थोडा वेळ जुंपलं. आमच्या चाळीचा जिना इकडून होता की तिकडून, पिंपळ कुठे होता, दूरदर्शनचा टॉवर खिडकीतून दिसायचा की पॅसेजच्या टोकाला गेल्यावर. मला दोघांचंही पटेना, कारण खाली काही नव्हतंच. माती, सळ्या, निळे पत्रे. आणि एकदम ध्यानात आलं की जमिनीवरची जागा दाखवून तरी काय उपयोग, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आमची खोली होती ती जागा आता हवेत आहे. जिथे मी पाढे पाठ केले, जिथे आप्पा शेवटचे... तिथे आता कुणी उभंसुद्धा राहू शकत नाही. पुढे टॉवर झाला की त्या उंचीवर बहुतेक गाड्या लागतील.

डोळे भरून आले. तेव्हाच आई ते म्हणाली.

मला हिस्सा नकोय, हे एकदा स्वच्छ लिहून ठेवते. आप्पांच्या माघारी भाडेपावती दादाच्या नावावर करायची होती तेव्हा स्टॅम्पपेपरवर ना-हरकत मी हसत हसत सही करून दिली. आजही देईन. दादानं आईला सांभाळलं, खोली सांभाळली, ट्रान्झिटच्या, म्हणजे तात्पुरत्या घराच्या, वणवणीत तिची औषधं सांभाळली. ते घर त्याचंच. पण खोली खाली करायची नोटीस आली, टेम्पो आला, सामान गेलं, आणि मला कळलं ते नंतर. "धावपळीत राहून गेलं गं," वहिनी म्हणाली. राहून गेलं असेलच. सबंध चाळ एका वेळी हलत होती, कोण कुणाला फोन करणार? तरी वाटतं, कुणीतरी म्हणायला हवं होतं, ये, एकदा बघून जा. लग्न झालेल्या मुलीला माहेर असतं म्हणतात. माहेर म्हणजे माणसं, हे मला समजतं. भिंतींवर मात्र तिचं काही नसतं. लग्नानंतर रेशनकार्डातून नाव कमी केलं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, आता वाटतंय. बदलापूरहून येऊन-जाऊन चार-पाच तासांचा तर प्रश्न होता. रिकाम्या खोलीत पाच मिनिटं बसले असते.

हे असं चालू होतं मनात. संध्याकाळी औषधाच्या दुकानात जाते म्हणून खाली उतरले आणि गेले सरळ अजून न पाडलेल्या चाळींकडे.

ज्यांनी त्या चाळी बघितल्यात त्यांना सांगायला नको, वरळीच्या 121 चाळी सगळ्या एका साच्यातल्या. तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, दहा या बाजूला, दहा त्या बाजूला, मधून पॅसेज. त्यात दुपारीही दिवा लागतो. 1930 च्या सत्याग्रहात इथे कैदी ठेवले होते असं आजोबा सांगायचे आणि लहानपणी आम्हाला त्यात नवल वाटायचं नाही. तर कुठल्याही चाळीत शिरलं तरी जिना आपलाच असतो. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. मी कठड्याला हात न लावता अंधारात चढले. पाय चुकला नाही. दुसऱ्या मजल्यावर स्लॅबला लोखंडी टेकू दिलेले होते, छताचा पोपडा निघून गंजलेल्या सळ्या दिसत होत्या. तिसऱ्या मजल्यावर तोच वास, ओल्या फरशीचा, रॉकेल गेलं तरी न गेलेला रॉकेलचा, कुणाच्या तरी सुकटीचा. संडासाबाहेर बादल्या. आणि डावीकडे आमच्या नंबरची खोली.

दार उघडंच होतं. आत कोपऱ्यात मोरी, मोरीच्या कठड्यावर तांब्या, वर पोटमाळा, पोटमाळ्याच्या शिडीला टांगलेलं दप्तर. आमच्या शिडीची खालून तिसरी पायरी सैल होती. तिथे आप्पांनी सुतळी गुंडाळली होती, आणि पाय ठेवला की ती पायाच्या बोटांमध्ये रुतायची. या शिडीला सुतळी नव्हती. तेवढ्यानं मी भानावर आले.

"कोण पाहिजे?" आतल्या बाईंनी विचारलं.

काय सांगणार? म्हटलं, "कुणी नाही, आम्ही पलीकडच्या चाळीत असायचो. आमची पाडली."

त्यांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हाला मिळालं? टॉवरमध्ये?" आणि मग त्या थांबेनातच. पाणी कसं येतं? किती वेळ? कपडे वाळत घालायला जागा आहे का? देव कुठे ठेवलेत? लिफ्ट बंद पडली तर म्हाताऱ्यांचं काय? दाराबाहेर चपला ठेवू देतात का? गणपतीत वर्गणी कोण काढतं? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. मी तिथे राहत नाही हे सांगायचं जिवावर आलं. शेवटी म्हटलं, "चला ना, आईला विचारा. दाखवते."

त्या खरंच आल्या. साडीवर पीठ तसंच. आईला मी काही सांगायच्या आत आईनं त्यांना हाताला धरून आत नेलं, आणि मोरी म्हणून बाथरूमचा नळ सोडून दाखवला. मग दुसऱ्या बाथरूमचा. आणि बोलायला लागली. पहाटे चारला उठून तळमजल्यावरून तीन मजले हंडे चढवायची ते. पोटुशी असताना चढवायची ते. रात्री संडासाला जायला लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी प्यायची नाही ते. गिरणीच्या संपात, 1982 ला, आप्पा दिवसा घरीच, तेव्हा 160 फुटांत आठ माणसं आणि एक घरी बसलेला पुरुष, ते. यातलं एकही मला तिनं कधी सांगितलेलं नाही. मला आठवतं ते पोटमाळ्यावर झोपून ऐकलेलं पावसाचं पाणी आणि पॅसेजमध्ये रांगेत मांडलेल्या पणत्या. मी झोपलेली असताना पिंप भरलेलं असायचं. कुणी भरलं, असा प्रश्न कधी पडलाच नाही.

जाताना आई त्यांना म्हणाली, "हिला बघा, चाळीची आठवण येते म्हणून रडते."

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लग्न होऊन गेल्यात ना त्या. मी पण गावच्या घरासाठी रडते."

हे मला चाललं. चाललं म्हणजे, बरं वाटलं. त्यांच्या गावच्या घरातही कुणीतरी पाणी भरत असणार, आणि त्यांनाही तिथलं दुसरंच काही आठवत असणार. आईला चाळ गेल्याचा आनंद आहे, तो तिच्या कमरेनं कमावलाय. माझं रडू त्या आनंदाच्या आड येऊ नये, एवढं मी बघेन. रडू यायचं ते येणारच.

निघताना दादा खाली गाडी काढायला गेला. मी चपला घालत होते, वाकून. आई खिडकीशी होती. म्हणाली, "त्या पत्र्यापाशीच होती. त्याला काय कळतंय, तो दिवसभर बाहेर असायचा. मी रोज बघते."

काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मी आठवडाभर राहायला जाणार आहे, वहिनीशी बोलून झालंय. दादा कामावर गेला की आईला त्या खिडकीशी खुर्ची देणार आणि सगळं विचारून घेणार: पिंप कुठे असायचं, आप्पांची खाट कुठल्या भिंतीला होती, पहाटे चारला तिच्याबरोबर पाण्याला अजून कोण कोण असायचं. वही नेणार आहे.