म्हाताऱ्या कुत्र्याची गादी आणि गोव्याचा पावसाळा

कापसाची गादी सांधेदुखीच्या कुत्र्याला नको. महिन्याभरात कापूस बाजूला सरकतो आणि कोपरं-खुबे थेट लादीवर टेकतात. पंचवीस-तीस किलोच्या कुत्र्याला खाली ३ ते ४ इंच घट्ट फोम, वर दीड-दोन इंच मेमरी फोम (अंगाच्या दाबाने आकार घेणारा मऊ फोम) लागतो. गादीवाला मापाने कापून देतो. घेण्याआधी मूठ टेकवून अंगाचा भार द्या. जमीन हाताला लागली तर परत ठेवा. लांबी बघताना कुत्रा ताणून झोपलेला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा, वर सहा इंच धरा. गादीला उंच कडा असतील तर एक कड तरी सपाट हवी, कुत्र्याला पाय उचलायला त्रास होतो.

खरी डोकेदुखी जून ते सप्टेंबर. लादीवर ठेवलेल्या फोमला खालून बुरशी धरते, वरून कळतही नाही. गादी फळ्यांच्या चौकटीवर दोन इंच उचला, आत जलरोधक खोळ, वर चेनची सुती. फोम भिजलाच तर पंख्याखाली उभा करून वाळवा; कडक उन्हात तो ठिसूळ होतो.

मेमरी फोम उष्णता धरतो, त्यामुळे मे महिन्यात कुत्रा लादीवरच जाऊन पडेल. पडू दे. गादी पंख्याखाली सरकवा, चौकटीखाली रबरी चटई घाला, नाहीतर गुळगुळीत टाइल्सवर चौकट घसरते. लंगडत असेल तर आधी पशुवैद्य, मग गादी.